दार वाजवण्याची तालीम

कॉलेज उघडायला अजून सहा दिवस आहेत
आणि मी अकरा जणांना घेऊन उभी आहे
विज्ञान इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर,
एका रिकाम्या खोलीच्या बंद दारासमोर.
बाहेर फ्रेस्नोचा ऑगस्ट.
वेलींच्या ओळींमधून कागदांवर पसरलेली द्राक्षं
बेदाणे होत पडलीत,
तो गोडसर करपट वास
यांच्यातल्या निम्म्यांच्या कपड्यांना आहे.

बाकीचं सकाळी सांगून झालं.
सिलॅबस कसा वाचायचा, खालचं बारीक अक्षर आधी.
ईमेल कुणाला, कुठल्या नावाने, किती ओळींचा.
पुस्तक विकत घेण्याआधी लायब्ररीत राखीव प्रत मागायची.
शेवटची बस चुकली तर काय.
हरसिमरने सगळं चार रंगांत उतरवून घेतलं.
यारेलीने हात वर करून विचारलं,
जेवणाचं कसं?
तेच नेमकं मी विसरले होते.
तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे, म्हटलं,
डाळी, पास्ता, पीनट बटर,
पिशवी भरून न्यायची,
तिथे नाव विचारत नाहीत.

आता ही पाटी वाचा.
'ऑफिस अवर्स, मंगळवार, दोन ते चार.'
म्हणजे काय?

तोऊ म्हणाला, म्हणजे त्या वेळात सर कामात असतात.
तेव्हा जायचं नाही.

कुणीच हसलं नाही. मीही नाही.
पहिलं अख्खं वर्ष मी या दारावरून
चवड्यांवर चालत गेले होते,
बुटांचा आवाज होऊ नये म्हणून.
केमिस्ट्री राहिली तेव्हा
आई शनिवारच्या बाजारासाठी गवती चहाच्या जुड्या बांधत होती.
तिने विचारलं, मास्तरांना विचारलं होतंस?
म्हटलं, ते कामात असतात.
मग बरोबर, ती म्हणाली,
कामातल्या माणसाला त्रास देऊ नये.
असं आम्ही दोघींनी मिळून
माझं ते वर्ष घालवलं.

म्हणून ही तालीम.
एकेकाने पुढे यायचं, दार वाजवायचं,
स्वतःचं नाव सांगायचं
आणि म्हणायचं, मला हे कळलं नाही.
एवढंच वाक्य. त्याला 'सॉरी' जोडायचं नाही.

हरसिमरने तीनदा ठोकलं, वसुलीला आल्यासारखं.
यारेली आधी हसली, मग वाजवलं, मग परत हसली.
तोऊने वाजवून लगेच दोन पावलं मागे घेतली.

एलिसेओचे हात खिशातच.
बोटांना बेदाण्यांचा चिकट काळेपणा,
पहाटे चारपासून दहापर्यंत कामावर होता तो.
वाजव की, कुणीतरी म्हणालं.
तो पाटीकडे बघत राहिला.
मग मला एकटीला ऐकू जाईल इतकंच बोलला,
आमच्याकडे दार वाजलं
की आधी दिवा घालवतात.
धाकट्याच्या तोंडावर हात.
बाहेरचा निघून जाईपर्यंत
कुणी हलत नाही.

यावर माझ्या फाइलमध्ये कागद नव्हता.

बाकीच्यांना मी जेवायला पाठवलं.
किल्लीने दार उघडलं,
आत गेले, मागून लावून घेतलं.
टेबलावर धूळ, एक वाळलेलं मार्कर,
फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं समीकरण.
दिवा लावला.
दाराखालच्या फटीतून उजेड बाहेर जावा,
त्याला दिसावा, एवढ्यासाठी.
मग त्या फिरत्या खुर्चीत बसले, चार वर्षांत पहिल्यांदाच,
आणि पहिल्यांदाच लक्षात आलं,
इथून दार किती लांब दिसतं.

फटीत दोन बुटांच्या सावल्या आहेत.
एक पुढे येते.
थांबते.
मागे जाते.

पाटीवर लिहिलंय, दोन ते चार.
आत्ता कुठे सव्वादोन झालेत.